केंद्रक अणूपेक्षा नेमके किती पट लहान: दहा हजार, एक लाख की आणखी काही?

प्रयोगवही:

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनासाठी आमच्या आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना शाळेच्या मैदानावर अणूची प्रमाणबद्ध प्रतिकृती मांडायची आहे. मैदानाची लांबी साधारण १०० मीटर आहे. तो अणूचा व्यास मानायचा आणि मधोमध त्याच प्रमाणातले केंद्रक ठेवायचे, अशी योजना आहे. प्रत्यक्ष आकडे जुळवायला बसल्यावर मात्र अडचण आली. एका पुस्तकात अणूचा व्यास केंद्रकाच्या व्यासाच्या दहा हजार पट दिला आहे, दुसऱ्यात एक लाख पट, आणि तिसऱ्यात थेट १० च्या १५ व्या घाताचा उल्लेख आहे. पहिला आकडा धरला तर केंद्रक १ सेंटीमीटरचे होते, दुसरा धरला तर १ मिलिमीटरचे, आणि तिसरा धरला तर मैदानावर ठेवण्यासारखे काही उरतच नाही. यांतला कोणता आकडा खरा मानावा?

दुसरी शंका विद्यार्थ्यांची आहे. अणूचे जवळजवळ सगळे वस्तुमान एवढ्याशा केंद्रकात असेल आणि उरलेली जागा रिकामी असेल, तर बाकावर ठेवलेला हात बाकातून आरपार का जात नाही? इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलतात, एवढे मी सांगितले. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले की इलेक्ट्रॉन तर केंद्रकापेक्षाही लहान असतात, मग ते एवढी जागा अडवतात कसे. या प्रश्नाला आठवीतल्या मुलांना समजेल असे, पण खोटे नसलेले उत्तर मला हवे आहे.

अल्फाकण:

तीनही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त ते तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

तिसरा आकडा सर्वांत आधी निकालात काढू. १० चा १५ वा घात हे आकारमानांचे गुणोत्तर आहे. व्यास एक लाख पट असेल, तर आकारमान त्याच्या घनाइतके, म्हणजे एक हजार लाख कोटी पट होते. मैदानावर आपण लांबी मोजणार आहात, त्यामुळे तो आकडा आपल्या कामाचा नाही.

उरलेल्या दोन आकड्यांतला फरक मूलद्रव्यामुळे पडतो. केंद्रकाची मापे फेम्टोमीटरमध्ये देतात. एक फेम्टोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग. हायड्रोजनचे केंद्रक म्हणजे एकटा प्रोटॉन, आणि त्याची त्रिज्या सुमारे ०.८४ फेम्टोमीटर आहे. हायड्रोजन अणूची त्रिज्या म्हणून बोर त्रिज्या (बोर यांच्या अणुप्रतिकृतीतले इलेक्ट्रॉनचे केंद्रकापासूनचे अंतर) घेतली, तर ती ५२,९०० फेम्टोमीटर भरते. भागाकार करा: ६३,०००. आता सोने घ्या. केंद्रकाची त्रिज्या अणुवस्तुमानांकाच्या (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्या एकूण संख्येच्या) घनमुळाला १.२ फेम्टोमीटरने गुणून काढता येते. सोन्याचा अणुवस्तुमानांक १९७, त्याचे घनमूळ सुमारे ५.८, म्हणून त्रिज्या ७ फेम्टोमीटर. धातूतील सोन्याच्या अणूची त्रिज्या १,४४,००० फेम्टोमीटर आहे. इथे गुणोत्तर २०,००० च्या थोडे वर येते. हायड्रोजनचे उत्तर जवळच्या दशघाताला नेले की एक लाख होते आणि सोन्याचे नेले की दहा हजार होते. पुस्तके हा शेवटचा टप्पा सांगतात, पण कोणत्या अणूविषयी बोलत आहोत हे बहुधा सांगत नाहीत, आणि माझ्या मते गोंधळाचे मूळ तिथेच आहे.

सोन्याचे गुणोत्तर कमी का, याचेही उत्तर विद्यार्थ्यांना देण्यासारखे आहे. सोन्याचा अणू हायड्रोजनपेक्षा सुमारे १९५ पट जड असतो आणि त्याचे केंद्रक प्रोटॉनच्या आठपट रुंद असते. पण अणू म्हणून तो हायड्रोजनच्या तिप्पटही रुंद नसतो. केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन जवळजवळ एकाच घनतेने रचले जातात, म्हणून कण वाढले की केंद्रक त्या हिशेबाने फुगत जाते. अणूचे तसे नाही. केंद्रकावरील धन प्रभार वाढला की आतली इलेक्ट्रॉन कवचे अधिक जोराने आत ओढली जातात, त्यामुळे ७९ इलेक्ट्रॉन असूनही अणू फारसा मोठा होत नाही. सीझियमसारखा अपवाद बघण्यासारखा आहे. त्याच्या सर्वांत बाहेरच्या कवचात एकच सैल इलेक्ट्रॉन असल्यामुळे धातूतील त्याची त्रिज्या सुमारे २,६५,००० फेम्टोमीटर असते, केंद्रक ६ फेम्टोमीटरचे, आणि गुणोत्तर ४३,००० च्या आसपास जाते.

आणखी एक खाच आहे. अणूला कवटीसारखी ठरावीक सीमा नसते, त्यामुळे "अणूची त्रिज्या" हे माप कशासाठी घेतले यावर बदलते. रासायनिक बंधातली त्रिज्या वेगळी, धातूतली वेगळी, आणि बंध न करता दोन अणू एकमेकांना टेकतात तेव्हाची, जिला व्हॅन डर वाल्स त्रिज्या म्हणतात, ती वेगळी. हायड्रोजनची ही शेवटची त्रिज्या सुमारे १,२०,००० फेम्टोमीटर धरतात. ती घेतली तर त्याच हायड्रोजनचे गुणोत्तर ६३,००० वरून १,४०,००० च्या वर जाते. म्हणून प्रतिकृतीच्या फलकावर एकच आकडा न लिहिता मूलद्रव्याचे नाव आणि कोणती त्रिज्या घेतली ते अवश्य लिहावे.

जाता जाता एक सांगतो, कारण प्रदर्शनात रुदरफोर्ड यांचा प्रयोग येणारच. मँचेस्टर येथे रुदरफोर्ड यांचे सहकारी गायगर आणि मार्सडेन यांनी १९०९ मध्ये अल्फा कण, म्हणजे हेलियमची केंद्रके, धातूच्या पत्र्यावर सोडले आणि सुमारे ८,००० कणांमागे एक कण उलट फिरून आला. (हा आकडा प्लॅटिनमच्या पत्र्याचा आहे, अनेक ठिकाणी तो सोन्याच्या नावावर खपवलेला दिसतो.) १९११ मध्ये रुदरफोर्ड यांनी त्यावरून केंद्रकाची कल्पना मांडली. मात्र त्या प्रयोगात सोन्याच्या केंद्रकाचा आकार मोजला गेला नव्हता. अल्फा कणावर दोन धन प्रभार आणि सोन्याच्या केंद्रकावर ७९ असल्यामुळे, अगदी समोरासमोर येणारा कणही प्रतिकर्षणाने सुमारे ३० फेम्टोमीटरवर थबकतो आणि मागे फिरतो. रुदरफोर्ड यांनी स्वतः हे अंतर ३४ फेम्टोमीटर काढले होते. त्यावरून "केंद्रक याहून मोठे नाही" एवढेच म्हणता येत होते. प्रत्यक्षात ते त्याच्या पाचव्या हिश्श्याइतके निघाले. खरी मोजणी १९५० च्या दशकात स्टॅनफर्ड येथे रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी वेगवान इलेक्ट्रॉन केंद्रकांवर सोडून केली आणि त्यासाठी १९६१ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. त्यांच्या मोजणीतून असे दिसले की केंद्रकाच्या आतल्या भागात घनता जवळजवळ एकसारखी असते आणि कडेला सुमारे अडीच फेम्टोमीटर जाडीच्या पट्ट्यात ती उतरत जाते. म्हणजे केंद्रकाची कडही थोडी पुसटच आहे. ती आतली घनता इतकी आहे की त्या पदार्थाचा एक घन सेंटीमीटर २३ कोटी टनांचा भरेल.

शून्यावकाश:

अल्फाकण यांनी आकड्यांचा भाग चोख मांडला आहे. मी दुसऱ्या शंकेकडे वळतो, कारण त्या विद्यार्थिनीचा प्रश्न फार चांगला आहे आणि "अणू ९९.९९ टक्के रिकामा असतो" या लोकप्रिय वाक्याने तो दाबला जातो. ते वाक्य वर्गात वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इलेक्ट्रॉन लहान असतो हे खरे. त्याला आकार असल्याचा कोणताही पुरावा आजवर सापडलेला नाही. पण लहान असणे आणि लहान जागेत राहू शकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार एखाद्या कणाला जितक्या अरुंद जागेत कोंडावे तितका त्याचा संवेग वाढतो, आणि वस्तुमान जितके कमी तितकी या कोंडण्याची किंमत ऊर्जेच्या रूपात अधिक मोजावी लागते. समजा, इलेक्ट्रॉनला एका फेम्टोमीटरच्या जागेत, म्हणजे प्रोटॉनच्या अंगाशी बसवायचे ठरवले. त्यासाठी सुमारे २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागेल. त्या अंतरावर प्रोटॉनच्या विद्युत आकर्षणातून परत मिळणारी ऊर्जा असते जेमतेम १.४४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. हा व्यवहार १३७ पट तोट्याचा आहे. जागा सैल करत गेले की कोंडण्याची किंमत आकर्षणापेक्षा वेगाने उतरते, आणि हायड्रोजनमध्ये या दोहोंचा मेळ ५२,९०० फेम्टोमीटरवर बसतो. अणूचा आकार तिथे ठरतो. इलेक्ट्रॉन त्या जागेत माशीसारखा भिरभिरत नसून त्याचा मेघ ती सगळी जागा व्यापून असतो, आणि त्या मेघाला त्याहून लहान करायचे तर ऊर्जा ओतावी लागते.

केंद्रकाचा हिशेब अगदी निराळा आहे. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १,८३६ पट जड असल्यामुळे त्याला कोंडण्याची किंमत फार कमी पडते, आणि त्याला बांधणारे बल विद्युत बलाहून पुष्कळ जोरकस, पण एक-दोन फेम्टोमीटरपलीकडे न पोहोचणारे आहे. मूळ प्रश्नातले गुणोत्तर इथूनच निघते. १३७ आणि १,८३६ यांचा गुणाकार केला तर सुमारे अडीच लाख येतो. बोर त्रिज्येला या संख्येने भागले की ०.२१ फेम्टोमीटर ही प्रोटॉनच्या वस्तुमानावरून ठरणारी मूळ लांबी मिळते. प्रोटॉनची प्रत्यक्ष त्रिज्या तिच्या चौपट आहे, म्हणून अडीच लाखांचे ६३,००० होतात. सांगायचे एवढेच, की हे गुणोत्तर कुठून तरी पडलेले नाही. विद्युत बल दुबळे आणि इलेक्ट्रॉन हलका, या दोन कारणांनी अणू इतका पसरट झाला आहे.

आता हात आणि बाक. दोन अणू जवळ आले की त्यांचे इलेक्ट्रॉनमेघ एकमेकांत शिरू पाहतात. ऋण प्रभारांचे प्रतिकर्षण असतेच, पण अणू एकूण उदासीन असल्यामुळे केवळ त्यावर भागत नाही. निर्णायक ठरते ते पाउली यांचे अपवर्जन तत्त्व. एका अवस्थेत एकाहून अधिक इलेक्ट्रॉन राहू शकत नाहीत, म्हणून मेघ एकात एक घुसवायचे तर काही इलेक्ट्रॉनांना वरच्या ऊर्जेच्या अवस्थांत ढकलावे लागते, आणि तेवढी ऊर्जा हाताच्या दाबात नसते. हे केवळ शाब्दिक स्पष्टीकरण नाही. १९६७ मध्ये डायसन आणि लेनार्ड यांनी गणिताने सिद्ध केले की इलेक्ट्रॉन हे तत्त्व पाळतात म्हणून घन पदार्थ टिकून आहेत. नुसत्या विद्युत बलांवर सोडले असते तर पदार्थ जितका मोठा तितका तो अधिक दाटत गेला असता.

याची दुसरी बाजूही मुलांना सांगावी. तोच बाक न्यूट्रॉनला मात्र खरोखर मोकळा वाटतो. न्यूट्रॉनवर प्रभार नसल्यामुळे इलेक्ट्रॉनमेघ त्याला जवळजवळ जाणवत नाही. वेगवान न्यूट्रॉन शिशाच्या घन ठोकळ्यात सरासरी काही सेंटीमीटर जातो तेव्हा कुठे त्याची एखाद्या केंद्रकाशी गाठ पडते. वाटेत त्याने कोट्यवधी अणू ओलांडलेले असतात. अणू रिकामा आहे की भरलेला, हे त्यात शिरणारा कोण आहे यावर ठरते.

किनारपट्टी:

मैदानाबद्दल थोडे व्यावहारिक. १०० मीटरच्या व्यासात हायड्रोजनचे केंद्रक १.६ मिलिमीटरचे येते, म्हणजे मोहरीचा दाणा ठेवावा. सोन्याच्या अणूसाठी ते ५ मिलिमीटरच्या किंचित आत येते, तिथे ज्वारीचा टपोरा दाणा चालेल. दोन्ही दाणे शेजारी ठेवून मुलांनाच भागाकार करायला लावला, तर अल्फाकण यांचे निम्मे उत्तर त्यांना आपोआप कळेल.

माझी एक विनंती आहे. कडेला मणी किंवा चेंडू ठेवून त्यांना इलेक्ट्रॉन म्हणू नका. एक म्हणजे त्या प्रमाणातही इलेक्ट्रॉन दाखवण्याजोगा नसतो, आणि दुसरे म्हणजे मणी ठेवला की मुले मधल्या जागेला रिकामी म्हणणारच. त्याऐवजी रांगोळी मध्यभागी दाट आणि बाहेर विरळ होत जाईल अशी भुरभुरावी. हायड्रोजनसाठी ही घनता केंद्रापाशी सर्वांत जास्त असते आणि बाहेर घातांकी रीतीने उतरते. ५० मीटरवर दोरी लावून सीमा आखू नये. त्या अंतराच्या बाहेरही इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता बरीच उरते. बोर त्रिज्या घेतली असेल, तर ही शक्यता दोन-तृतीयांशाच्या आसपास आहे.

प्रयोगवही:

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मोहरी आणि ज्वारी दोन्ही ठेवू, आणि रांगोळीची सूचना तर फारच आवडली. मात्र तिच्यामुळे एक नवा प्रश्न उभा राहिला. घनता केंद्रापाशी सर्वांत जास्त असेल, तर मेघ केंद्रकाच्या आतही असला पाहिजे. मग शून्यावकाश यांनी सांगितलेले, की इलेक्ट्रॉनला केंद्रकाजवळ कोंडता येत नाही, त्याच्याशी हे कसे जुळते? विद्यार्थी हे विचारणार याची मला खात्री आहे.

शून्यावकाश:

ताई, दोन्ही विधाने एकमेकांशी जुळतात. संपूर्ण इलेक्ट्रॉनला फक्त केंद्रकात डांबता येत नाही. पण त्याच्या मेघाचा अत्यल्प हिस्सा केंद्रकाच्या जागेवर पसरलेला असतो. हायड्रोजनमध्ये तो हिस्सा काढता येतो. दर घन एककामागे घनता तिथे सर्वाधिक असली, तरी प्रोटॉनचे आकारमानच इतके लहान आहे की तिथे इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता सुमारे दोनशे लाख कोटींत एक एवढीच उरते.

ही शक्यता नगण्य वाटली तरी तिचे परिणाम दिसतात. काही किरणोत्सारी केंद्रके आपल्याच अणूतला आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन गिळतात, प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि मूलद्रव्य बदलते. १९३७ मध्ये लुइस अल्वारेझ यांनी ही क्रिया प्रयोगाने दाखवली. आपल्या शरीरातही ती चालू आहे, कारण अन्नातून येणाऱ्या पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० हा समस्थानिक अल्प प्रमाणात असतो, आणि त्याच्या विघटनांपैकी सुमारे ११ टक्के विघटने याच मार्गाने होऊन अरगॉन तयार होतो.

अल्फाकण:

यात एक भर घालतो, कारण इलेक्ट्रॉन हलका आहे म्हणून अणू पसरट आहे, हे शून्यावकाश यांचे विधान प्रयोगशाळेत थेट तपासून पाहिलेले आहे. म्युऑन हा कण इलेक्ट्रॉनसारखाच ऋण प्रभाराचा, पण २०७ पट जड असतो. तो दोन दशलक्षांश सेकंदच टिकतो, तरी तेवढ्या वेळात त्याला इलेक्ट्रॉनच्या जागी बसवता येते. हायड्रोजनमध्ये तसे केले की अणूची त्रिज्या ५२,९०० वरून सुमारे २८५ फेम्टोमीटरवर येते. १०० मीटरचा आपला अणू अर्ध्या मीटरच्या किंचित वर उरेल, मोहरी मात्र तेवढीच राहील. शिशामध्ये तर गंमतच होते. ८२ प्रोटॉनांच्या ओढीमुळे म्युऑनची हिशेबी त्रिज्या ३ फेम्टोमीटरच्या आसपास येते, तर शिशाचे केंद्रक ७ फेम्टोमीटरचे आहे. म्हणजे तो म्युऑन पुष्कळसा वेळ केंद्रकाच्या आतच घालवतो.

म्युऑन केंद्रकाच्या इतका जवळ राहतो म्हणून त्याच्या ऊर्जापातळ्यांवर केंद्रकाच्या आकाराचा परिणाम ठळकपणे उमटतो. स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेत म्युऑनयुक्त हायड्रोजनवर लेसरचे प्रयोग करून प्रोटॉनची त्रिज्या काढण्यात आली आणि २०१० मध्ये ०.८४२ फेम्टोमीटर असे उत्तर जाहीर झाले. तोवर मान्य असलेला आकडा ०.८७७ होता. चार टक्क्यांचा हा फरक मोजमापांतल्या त्रुटींच्या कितीतरी बाहेरचा असल्यामुळे त्यावर अनेक वर्षे वाद चालला. पुढे नेहमीच्या हायड्रोजनवर झालेल्या काही नव्या मोजण्याही लहान आकड्याकडे झुकल्या आणि मूलभूत स्थिरांकांच्या २०१८ च्या यादीत ०.८४१ हे मूल्य घेतले गेले. वर मी वापरलेला ०.८४ हा आकडा तोच आहे. आपल्या शाळेच्या ग्रंथालयातील जुन्या पुस्तकांत ०.८८ किंवा ०.८७ दिसेल, त्याने हायड्रोजनचे गुणोत्तर ६३,००० ऐवजी ६०,००० च्या जवळ येते, पण मोहरीचा दाणा बदलावा लागत नाही.